मागच्या सीटवरचा आवाज

लग्नाच्या आधीचं वर्ष धरलं तर सव्वीस वर्षं मी नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर डबलसीट बसते आहे. एवढ्या काळात आमच्या दोघांत एक बिनशब्दांची भाषा तयार झाली होती. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांब. गुडघ्याने कमरेला दाबलं की पेट्रोल पंप येतोय, विसरू नको. पाठीवर तळहात सपाट टेकला की मी नीट बसले, आता निघ. गावात एवढं पुरायचं. राहिलेलं सिग्नलला बोलून घ्यायचो.

ही भाषा कुठे तोकडी पडते ते मला कुंभार्ली घाटात कळलं.

त्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून गुहागरला निघालो होतो. उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरला पोचलो, भजी-चहा झाला आणि घाट उतरायला लागलो. भुरभुर पाऊस, समोर धुकं. रेनकोटच्या आत खोचलेली माझी ओढणी कधी सुटली ते समजलंच नाही. समजलं ते गळ्याशी काच बसला तेव्हा. ओढणीचं टोक चेनकडे गेलं होतं. मी ओरडले, 'थांब!' पुन्हा ओरडले. खांद्यावर दोन थापा मारल्या, मग मुठीने मारल्या. रस्ता उखडलेला, गाडी तशीही आदळत होती. त्याला वाटलं मी खड्ड्यांमुळे धरतेय. शेवटी ओढणीच फाटली म्हणून मी आज हे लिहिते आहे. गाडी थांबल्यावर चेनमधून वीतभर कापड निघालं, ग्रीसने काळं झालेलं. तो ते हातात धरून उभा होता. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. म्हणाला, 'हाक का नाही मारलीस?'

मी चार हाका मारल्या होत्या. आमच्या दोघांच्या तोंडात दोन फुटांचंही अंतर नव्हतं.

घरी आल्यावर मी नियम शोधून वाचले. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, त्यातला नियम 123. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय टेकायला जागा हवी आणि मागचं निदान अर्धं चाक झाकेल असं आवरण हवं, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते हे. बॅग लावायला अडचण होते म्हणून आम्ही ते काढून माळ्यावर टाकलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते परत बसलं आणि ओढणी प्रवासातून कायमची गेली. पण नियम वाचताना दुसरंच काहीतरी मनात घर करून राहिलं. कुणीतरी बसून मागच्या माणसाच्या हातांचा विचार केला होता, पायांचा केला होता, पदराचाही केला होता. हेल्मेट तर कायद्याने दोघांनाही लागतं. पण त्या हेल्मेटच्या आत मागच्या माणसाचा आवाज अडकतो, त्याचं काय करायचं हे ज्याने त्याने बघायचं.

हा आवाज का पोचत नाही ते साधं आहे. पुढच्याचे शब्द वाऱ्याबरोबर थोडेफार मागे येतात; मागच्याचे वाऱ्याच्या तोंडावर जायला निघतात आणि जागीच विरतात. शिवाय मधे दोन हेल्मेटं. ताशी 100 किलोमीटरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की 85 डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास राहावं आणि पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी करावी. गणित केलं तर 100 डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. पुण्याहून साताऱ्याला जायलाच दोन तास लागतात. म्हणजे प्रश्न नुसता ऐकू न येण्याचा नाही, कान जपायचाही आहे.

मग हेल्मेटला लावून एकमेकांशी बोलायचा इंटरकॉम घ्यायचं ठरलं. त्याचा पहिला सेट आम्ही घाईने घेतला. नाना पेठेत हेल्मेटच्या दुकानात काउंटरवर ठेवलेला होता, जोडीची किंमत परवडणारी होती, खोक्यावर हजार मीटर रेंज लिहिलेली होती. दुकानदाराने दोन्ही सेट पेअर करून दाखवले. दुकानात आम्ही दोघं एकमेकांकडे बघून 'हॅलो, हॅलो' म्हणालो आणि खूश होऊन बाहेर पडलो.

त्या सेटचा दोष कळायला आठवडा गेला. त्याचा माइक सतत चालू नसायचा. आपण बोललो की तो जागा व्हायचा, आणि जागा होईपर्यंत सुरुवातीची एक-दोन अक्षरं गेलेली असायची. आता मराठीत रस्ता सांगताना काय होतं बघा. मी म्हणायचे 'डावीकडे', त्याला ऐकू यायचं 'वीकडे'. मी म्हणायचे 'उजवीकडे', तरी त्याला ऐकू यायचं 'वीकडे'. 'थांब'चं तर नुसतं 'ब' उरायचं. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या अलीकडे आम्ही दोनदा चुकीच्या रस्त्याला लागलो, त्याला कारण हे. मग मी प्रत्येक वाक्याआधी 'अरे' म्हणायला लागले. 'अरे, डावीकडे.' 'अरे, थांब.' ते 'अरे' माइकला जागं करण्यात खर्ची पडायचं आणि कामाचा शब्द धड पोचायचा. सव्वीस वर्षं ज्या शब्दाने मी त्याला हाक मारली, तो शब्द यंत्राच्या तोंडी टाकावा लागतोय, याचं मला खरंच वाईट वाटायचं. म्हणून कुणी विचारलं की मी आधी हे सांगते: दुकानात 'हॅलो' म्हणून बघू नका. 'हॅलो'चा 'हॅ' गेला तरी कळत नाही. गाडी सुरू करायला सांगा, हेल्मेट डोक्यात घाला आणि आधी अर्धा मिनिट गप्प राहा. मग एकदम 'डावीकडे' म्हणा.

दुसऱ्यांदा घेताना मी हट्ट धरला की निवड मागच्या सीटपासून सुरू करायची. वाचायला बसलं की सगळी माहिती चालवणाऱ्यासाठी लिहिलेली असते. दहा-पंधरा गाड्यांचा ताफा कसा जोडायचा, एक-दीड किलोमीटर लांबच्या मित्राशी कसं बोलायचं. कार्डो कंपनीच्या पॅकटॉकसारख्या सेटवर पंधरा जण एका जाळ्यात येतात, एखादी गाडी मागे पडली तर बाकीच्यांचं बोलणं तुटत नाही, ती पुन्हा जवळ आली की आपोआप जोडली जाते. लडाखला टोळीने जाणाऱ्यांना याचं मोल आहे. पण एकाच गाडीवर बसणाऱ्या दोघांना या जाळ्याचा काय उपयोग? आमचं अंतर दोन फूट. तिथे साधा ब्लूटूथ इंटरकॉम भरपूर झाला. त्या जाळ्याचे वाचलेले पैसे चांगल्या माइकवर आणि चांगल्या स्पीकरवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोन्ही सेट एकाच कंपनीचे घ्यावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट जुळतात असं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि जुळतातही. पण पुष्कळदा दुसरा सेट हा फोन आहे असं पहिल्याला भासवून ते जुळवतात, मग खऱ्या फोनची जागा अडते आणि सारखं काहीतरी सुटत राहतं. आजकाल बेंगळुरूची ब्लूआर्मरही चांगले सेट करते. आधी ते लोक हेल्मेट आतून गार ठेवायची यंत्रं करायचे. आपल्या उन्हातून, आपल्या ट्रॅफिकमधून हेल्मेट घालून फिरणाऱ्या माणसाचा विचार त्यांनी आधीच केला होता, म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं.

स्पीकरचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बायकांच्या कानाबद्दल कुठेच काही लिहिलेलं मला सापडलं नाही. हेल्मेटच्या आत गालाच्या गादीच्या वर, कानापाशी एक खळगा असतो. स्पीकर त्या खळग्यात वेल्क्रोने बसतो. साधारण 40 मिलिमीटरची चकती, जुन्या मोठ्या नाण्याएवढी. खळगा उथळ असला तर चकती कानावर रेलते. पुरुषाला फार तर कान लाल होऊन दुखेल. माझ्या कानात मोत्याच्या कुड्या. पहिल्या सेटच्या वेळी वाईच्या पुढे जाईपर्यंत कुडीची फिरकी कानामागे अशी रुतली की हेल्मेट काढताना डोळ्यांत पाणी आलं. कुड्या काढून डबीत ठेवणं हा एक उपाय, तो मी करते. पण खरा उपाय म्हणजे खोल खळगा असलेलं हेल्मेट घेणं, आणि ते डोक्यात घालून, कानातले घालून, चष्मा लावून, केस जसे बांधतो तसे बांधून बघणं. अंबाडा असेल तर हेल्मेट पुढे सरकतं आणि स्पीकर कानाच्या भोकाशी न येता गालफडावर येतो. बोटभर सरकला तरी निम्मा आवाज गेला. तेव्हा चिकटवण्याआधी गाणं लावायचं, हेल्मेट घालायचं, बाजूने दोन बोटं आत सारून स्पीकर हळूहळू फिरवायचा. एक जागा अशी येते की आवाज एकदम उघडतो. तिथे चिकटवायचा. तरी लांब वाटला तर मागे वेल्क्रोचा आणखी एक थर द्यायचा.

खळगा पुरत नाही म्हणून आतलं थर्मोकोल खरवडून जागा करून देणारे आहेत. एका दुकानात माझ्यासमोर कटर काढला होता, मी हेल्मेट ओढून घेतलं. ते थर्मोकोलच आपलं डोकं वाचवतं. आदळल्यावर दबायचं काम त्याचं, ते कानाजवळ पातळ केलं तर आयएसआयच्या छापाला काही अर्थ राहिला नाही.

माइकचे दोन प्रकार खोक्यात येतात. एक दांडीचा, एक नुसत्या वायरचा. हनुवटी झाकणारं हेल्मेट असेल तर वायरचा छोटा माइक आतून हनुवटीपाशी चिकटवायचा. उघड्या तोंडाच्या हेल्मेटला दांडीचाच लागतो. घरोघरी असंच असतं की चालवणाऱ्याचं हेल्मेट भारी, बंद. आणि मागचीला उघडं, हलकं, 'तुला काय, मागेच तर बसायचंय'. म्हणजे वारा जिच्या माइकमध्ये थेट घुसणार, तिलाच साधा सेट. हे उलटं करायला हवं. आमच्याकडे आता माझं हेल्मेट बंद आहे. माइकवरची स्पंजची टोपी ही दहा-वीस रुपयांची वस्तू असेल, पण ती हरवली की सगळा सेट फुकट जातो, नुसता भणभणाट. जादाच्या दोन टोप्या मी शिवणाच्या डब्यात ठेवते. आणि माइकवर खूण असते, ठिपका नाहीतर बाण. ती ओठांकडे हवी. उलटा लावलेला माइक घेऊन 'सेट खराब निघाला' म्हणणारे दोघं तरी मला भेटले आहेत.

सेट हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसतो. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो, म्हणून बटणं डाव्या हाताला यावीत. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं, कुणीतरी विचार केलाय. पण फोन कुणाच्या सेटला जोडायचा, याचा विचार आपला आपण करायचा असतो. आम्ही तो माझ्या सेटला जोडतो. त्याच्या सेटमध्ये फक्त मी. फोन आला तर मी बघते, सांगण्यासारखं असेल तर सांगते. नकाशा माझ्या कानात बोलतो आणि त्याला रस्ता मी सांगते. 'पुढे टेम्पो उभा आहे ना, त्याच्या आधीचं वळण.' कुठलाही नकाशा टेम्पो बघून रस्ता सांगत नाही. कानात गाणी लावून चालवणं आम्ही दोघांनी ठरवून बंद केलं आहे. एसटीचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. आणि लांबच्या वाटेवर दोघंही कानात फोमचे बोळे घालतो. बोळे घातल्यावर सेटचं बोलणं कसं ऐकू येणार, असं वाटतं. उन्हात गॉगल लावला की समोरचं जसं नीट दिसतं, तसंच ते होतं. वारा खाली जातो, शब्द वर राहतो.

पहिल्या महायुद्धात, 1917 साली, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या विमानशाळेत शिक्षक आणि शिकाऊ वैमानिक यांच्यात बोलायला एक रबरी नळी वापरायला लागले. उघडी विमानं, इंजिनाचा आवाज, मधे वारा. नळीच्या एका टोकाला शिक्षकाचं तोंड, दुसऱ्या टोकाला शिष्याचे कान. ती नळी एकाच दिशेची होती. शिकवणाऱ्याने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मला त्या शिष्याची फार आठवण येते. त्यालाही आकाशात कधीतरी 'थांबा' म्हणायचं असेल.

नवा सेट घेऊन आम्ही पुन्हा त्याच वाटेने गुहागरला गेलो. मला वाटलं होतं वाटभर गप्पा होतील. झाल्या नाहीत. खंबाटकीपर्यंत घरातलंच बोलत होतो, सिलिंडर लावला का, लेकीच्या हॉस्टेलचे पैसे भरले का. नंतर दोघंही गप्प. पण या सेटचा माइक चालू राहायचा, त्यामुळे त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आणि तेव्हा मला कळलं, की ओव्हरटेक करताना तो श्वास धरतो. ट्रकच्या मागून बाहेर निघताना धरायचा, पुढे जाऊन आपल्या लेनमध्ये आला की सोडायचा. प्रत्येक वेळी. इतकी वर्षं मी त्या पाठीला टेकून बसले, मला वाटायचं हा किती बिनधास्त चालवतो. बिनधास्त वगैरे काही नव्हतं. मला मागे बसवून तो प्रत्येक ट्रक श्वास रोखून पार करत आला होता आणि हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. कुंभार्लीत, जिथे ओढणी अडकली होती त्या वळणाच्या अलीकडे, त्याने आपणहून वेग कमी केला. म्हणाला, 'बोल काहीतरी.' मी म्हटलं, 'आहे मी.' वळण संपेपर्यंत एवढंच.

यंदा मार्चपासून आई आमच्याकडे राहायला आली आहे. तिचं वय 76. बँक, डोळ्यांचा डॉक्टर, मंडईतली तिची ठरलेली भाजीवाली, सगळीकडे मी तिला माझ्या स्कूटरवर नेते. ती एका बाजूला पाय सोडून बसते. दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित, हे तिलाही पटतं, पण गुडघे वळत नाहीत. कमी ऐकू येतं म्हणून कानामागे यंत्र आहे. हेल्मेट घातलं की ते यंत्र शिट्टी वाजवायचं, ती हेल्मेट काढून हातात धरायची. मी रागवायचे. मग दोघी न बोलता जायचो.

एका रविवारी लेक घरी आली होती. तिने बाबांचा सेट काढून माझ्या हेल्मेटला लावला आणि माझा आजीच्या. आजीचं कानामागचं यंत्र काढून डबीत ठेवलं, सेटचा आवाज पूर्ण वाढवला. स्पीकर बसवायला अर्धा तास लागला, कारण आई प्रत्येक वेळी 'येतंय गं ऐकू' म्हणायची आणि तिला येत नसायचं. शेवटी ती जागा सापडली. आईचा चेहराच बदलला, डोळे मोठे झाले. आम्हा तिघींनाही ते कळलं.

आम्ही दोघी खाली उतरलो, मी स्कूटर काढली, आई बसली, पदर खोचला का ते मी बघितलं. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडून मी मोठ्या रस्त्याला लागले, रोजच्यासारखी. कोपऱ्यावरच्या रिक्षाला वळसा घातला. आणि माझ्या दोन्ही कानांत, अगदी जवळून, आईचा आवाज आला.

'हळू गं. हळू घे.'

मी ब्रेक दाबला. म्हटलं, 'आई, भीती वाटते का तुला माझ्या मागे बसायला?'

'रोज सांगते की,' आई म्हणाली. 'मार्चपासून सांगतेय.'